व्हॅलियंटचे टॅपेट

आल्मेरे, नेदरलँड्स
१३ जुलै २०२५

श्री. अरुण साळुंखे यांस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकलं नसशील, असं धरून लिहितो. सख्ख्या मेव्हण्याला ‘श्री.’ आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहिताना माझाही हात अडखळला. पण सहा वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला काय लिहायचं असतं, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर टाकलेलं वाचत नाहीस. राहता राहिलं पोस्ट.

आम्ही २८ जूनपासून शिवांगीकडे आहोत, नव्वद दिवसांचा व्हिसा आहे. तुझ्या बहिणीचे, शुभदाचे, गुडघे इथल्या गारव्याने कुरकुरतात. पण घरासमोरच्या कालव्यातल्या बदकांना पोळी घालू नका, असं जावयाने तीनदा सांगूनही ती रोज घालते, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

देश छान आहे, पण मुका. गाड्या हॉर्न वाजवत नाहीत, माणसं तोंड उघडत नाहीत. सायकलवाले तर पाठीमागून भुतासारखे येतात, घंटी वाजवायची पद्धतच नाही. परवा दोघे अंगावर येता येता राहिले आणि वर त्यांनी माझ्याकडेच बघून हात उडवले. शिवांगी म्हणते, “बाबा, ते बेल वाजवतात हो! तुम्ही फीट्सपाडच्या मधोमध चालता.” फीट्सपाड म्हणजे सायकलींचा लाल रस्ता. बापाची बाजू घ्यायची सोडून डचांची घेते. नात इरावती नऊ वर्षांची झाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये देते, आणि तेही असं पुटपुटत, की हिच्या शाळेत मोठ्याने बोलायला बंदी असावी. मायक्रोवेव्हची शिटीसुद्धा बिघडली आहे. उघडून बघतो म्हटलं तर जावई अंबरीश हात जोडतो.

आता मुद्द्यावर येतो. चार घरं सोडून योप नावाचा म्हातारा राहतो. वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेलेली, उंची आपल्या गॅरेजच्या शटरला टेकेल एवढी. एका सकाळी त्याच्या गॅरेजचं दार वर होतं आणि आत काय होतं सांग बघू? व्हॅलियंट! चौसष्टचं मॉडेल, फिकट हिरवं, डॅशबोर्डवर गिअरची बटणं असलेलं. अरुण, मी रस्त्यात उभा राहिलो तो उभाच राहिलो. (फीट्सपाडवर नव्हतो.) त्याने मला आत बोलावलं. बॉनेट उचललं. तेच आपलं तिरकं सहा सिलिंडरचं इंजिन, भिंतीला रेलून उभ्या असलेल्या माणसासारखं एका अंगावर कललेलं. मला काय झालं कोण जाणे, मी बॅटरीजवळच्या पत्र्यावर हात ठेवला आणि नमस्कार केला. योप हसला नाही. मला तो तेव्हाच आवडला.

त्याचं दुखणं असं, की गाडी सुरू व्हायची आणि किल्ली सोडली की मरायची. तीन महिने तो पेट्रोलच्या मागे लागला होता. मी सरळ इंजिनमागच्या पत्र्यावरच्या त्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर बोट ठेवलं. रेझिस्टर उडालेला. हेच इंजिन असलेली नीलांबरीबाईंची डार्ट गाडी आपण सिंहगडाच्या पायथ्याशी अशीच तारेने जोडून घरी आणली होती, आठवतं? त्या मागच्या सीटवर बसून कॉलेजचे पेपर तपासत होत्या आणि आपण दोघं पुढे देवाचं नाव घेत होतो. योपला मी तीच तार लावून दाखवली. गाडी चालू राहिली तेव्हा त्याने मला मिठी मारली, आणि मिठी मारायला त्याला बरंच खाली वाकावं लागलं.

अमेरिकन लोक हिला छोटी गाडी म्हणायचे. नाना पेठेत आपल्या बोळात ही छोटी गाडी वळवायला चार माणसं लागायची आणि समोरच्या पानवाल्याला फळी आत घ्यावी लागायची. तू तर दार उघडायला जागा नसली की खिडकीतून बाहेर यायचास. हे सगळं मी योपला हातवारे करून सांगितलं. त्याला किती कळलं माहीत नाही, पण बिअर त्याने दोनदा आणली. मी एकदाच घेतली, शुभदाला विचार.

तर काम असं. नवा रेझिस्टर आला, रबरी नळ्या बदलून झाल्या (इथल्या पेट्रोलमध्ये स्पिरिट असतं, जुनं रबर विरघळतं), आता टॅपेट लावायचे. मला काही आकडे लागत नाहीत, मी कानाने लावतो हे सगळं पुणं जाणतं. पण योप कागदावर आकडा मागतो आणि आकड्यांची आपली काळी वही तुझ्याकडे गेली. नेलीस याबद्दल तक्रार नाही. या इंजिनच्या टॅपेटच्या फटीचे दोन आकडे तेवढे कळव.

२०१९च्या त्या गुरुवारबद्दल मी काही लिहिणार नाही. माझ्या हाताने लावलेलं काम माझ्या पाठीमागे उघडणाऱ्या माणसाला मालकाने काय म्हणावं, ते तूच सांग. पण ते असो. शुभदा तुला फोन करते ते मला माहीत आहे. मी खोलीत आलो की ‘बरं, ठेवते’ म्हणते. तुझ्या लेकीच्या, सलोनीच्या, लग्नाला आम्ही आलो नाही. मी नको म्हटलं म्हणून शुभदा आली नाही. त्या दिवशी तिने घरात स्वयंपाक केला नाही, आणि मी काही विचारलं नाही. एवढं तुला कळावं, म्हणून लिहिलं.

दोन आकडे. जास्त काही नको.

बा. ग. मोहिते


आल्मेरे
१७ ऑगस्ट २०२५

अरुण यास,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी लिहायला जागा होती, तू एक वापरलीस. ‘इनटेक दहा, एग्झॉस्ट वीस, इंजिन गरम. गेज वापरा, दाजी.’

शुभदाने ते कार्ड वाचलं, पाठपोट बघितलं आणि देवाजवळ ठेवलं. इथे शिवांगीचे देव पुस्तकांच्या कपाटात आहेत, त्यांच्या शेजारी आता तुझं कार्ड. मी म्हटलं, “अगं, त्यात टॅपेटचे आकडे आहेत.” ती म्हणाली, “त्यात ‘दाजी’ लिहिलंय.” मला वाद घालता आला नाही.

पण मी तुझ्याशी वाद घालणार आहे. मला गेज वापरायला सांगतोस? बेचाळीस वर्षं पाना धरला, फट मोजायची ती फीलर गेजची पाती एकदा हातात घेतली असतील तर शपथ. तुला आयटीआयमधून गॅरेजात आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं? टॅपेट फार आवळला तर इंजिन गप्प बसतं, मालक खूश होतो आणि महिन्याभरात व्हॉल्व्ह जळतो. फार सैल सोडला तर खडखडतो. मधली जागा शोधायची. शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवतंय एवढीच टिकटिक यायला हवी, आणि ती कानालाच सापडते. तू शिकलास. माझ्यापेक्षा चांगला शिकलास, हे मी कधी बोललो नाही, आता लिहितो. खंबाटकीच्या घाटात चालत्या डार्टमध्ये मागच्या सीटवर झोपला होतास आणि झोपेतूनच म्हणालास, “दाजी, चार नंबर सैल आहे.” थांबून बघितलं, तर होता. मला राग आला होता, खरं सांगतो. मला तो ऐकू आला नव्हता.

असो. मागच्या शनिवारी मी योपचे टॅपेट लावले. इंजिन अर्धा तास तापवलं, कव्हर काढलं, चालू इंजिनवर पाना घेऊन बसलो. तेल हातावर उडत होतं, जीव सुखावला. पण हे इंजिन हट्टी निघालं. आवाजच देईना. एकेक स्क्रू सैल करत गेलो, आणखी सैल, तेव्हा कुठे ती आपली टिकटिक यायला लागली. बाराही व्हॉल्व्ह तसे लावले. मान वर करून योपकडे बघतो, तर तो दोन्ही कानांवर हात ठेवून उभा! मग आत गेला आणि फीलर गेज घेऊन आला. मी ते बाजूला सारलं. त्याने पुन्हा पुढे केलं. मी पुन्हा सारलं. दोन म्हातारे एका पत्र्याच्या पट्टीवरून शाळेतल्या पोरांसारखे ढकलाढकली करत होते आणि रस्त्यावरून एक बाई कुत्रा घेऊन जाताना थांबून बघत होती. शेवटी मी घरी निघून आलो. चार दिवस तिकडे गेलो नाही.

तुझं ‘गेज वापरा’ आणि त्याचं गेज एकाच आठवड्यात आलं, म्हणून जास्त लागलं असेल.

आणि म्हणून आता त्या गुरुवारबद्दल लिहितोच. मागच्या वेळी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण डोक्यातून जात नाही. नीलांबरीबाईंच्या डार्टचे टॅपेट मी सकाळी लावले होते. दुपारी तू म्हणालास, “दाजी, जेवून या, कव्हर मी बसवतो.” मी निघालो, चष्मा विसरला म्हणून परत आलो. तर इंजिन चालू, कव्हर बाजूला आणि तुझा पाना माझ्या स्क्रूवर. काय करतोस विचारलं तर उत्तर नाही. नुसता उभा. मी काय समजायचं? गिऱ्हाईकं महिनोन्‌महिने म्हणत होती, अरुणने हात लावला की गाडी शांत चालते. मला वाटलं, हाच आधी काम बिघडवतो, मग सुधारतो, आणि माझी गिऱ्हाईकं घेऊन स्वतःचं गॅरेज काढणार. तसं मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. मग चहाच्या टपरीवर बोललो, आणि टपरीवर बोललं की पेठेत छापून यावं तसं होतं. तू म्हणालास, “दाजी, तुम्ही दमलाय, घरी जा.” चोरी सापडलेला माणूस वर मलाच दमलाय म्हणतो, याचा मला फार राग आला होता.

नंतर तुला पेठेत कुणी उभं केलं नाही, हे मला माहीत आहे. पुण्यात सहा सिलिंडरचं इंजिन तुझ्यासारखं कुणी ओळखत नव्हतं आणि तू साताऱ्याला पाण्याचे पंप दुरुस्त करतोस. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तू त्या दिवशी एक शब्द तरी बोलायचा होतास.

ता. क. परवा एका सायकलवालीने मला धडक दिली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. शिवांगी म्हणते, हाउसआर्ट्सकडे चला (म्हणजे घरचा डॉक्टर), कान तपासून घेऊ. मी म्हटलं, कोपर लागलंय आणि कान कसले तपासतेस? शुभदा तेव्हा एकदम उठून बदकांकडे गेली.

बाळासाहेब मोहिते


आल्मेरे
७ सप्टेंबर २०२५

प्रिय अरुण,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय, आता फाडणार नाही.

मंगळवारी योप स्वतः आमच्या दारात आला. हाताला धरून मला गॅरेजात घेऊन गेला. व्हॅलियंट चालू केली, मग स्वतःच्या कानांतून दोन छोटी यंत्रं काढली आणि रुमालावर ठेवली. मला तोवर माहीतच नव्हतं, की तो यंत्र लावतो. तरुणपणी तो जहाजाच्या कारखान्यात होता, रिबिटांच्या ठोकाठोकीत कान गेले. यंत्रं काढून त्याने गाडीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली, म्हणजे काही नाही, सगळं छान. मग यंत्रं घातली, चेहरा वेडावाकडा केला, कान झाकले. आणि मग अगदी सावकाश माझ्या छातीला बोट लावलं.

मी नाही म्हटलं. पण अरुण, मी मेकॅनिक आहे. तोच बिघाड दुसऱ्याच्या गाडीत उघडून दाखवला की किती वेळ नाही म्हणणार?

शिवांगी मला कानांच्या दुकानात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला डबडी लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी सुरुवातीला भराभर दाबलं. मग आवाज थांबले. बराच वेळ झाला तेव्हा मी काचेवर टकटक केलं, मशिन बंद पडलं म्हणून. काचेपलीकडची पोरगी माझ्याकडे बघत होती. मशिन चालू होतं. तिने कागदावर रेघ दाखवली. जाड आवाजांना रेघ सरळ जाते आणि बारीक आवाज आले की कडा तुटावा तशी खाली पडते. घंटी, शिटी, लहान मुलांचं बोलणं, सगळं त्या पडलेल्या भागात. शिवांगीने विचारलं, हे कधीपासून असेल? ती म्हणाली, सांगता येत नाही, पण एवढं व्हायला बारा-पंधरा वर्षं सहज लागतात.

बारा-पंधरा वर्षं. मी तिथे बसूनच मागे मोजत गेलो.

महिनाभर वापरून बघा म्हणून त्यांनी यंत्रं दिली. दुकानातून बाहेर पडलो तर माझ्या शर्टाची बाही आवाज करत होती. घरी आलो, मायक्रोवेव्ह अशी किंचाळली की मी दचकलो. इरावती ‘आजोबा’ म्हणाली, आणि तिचा आवाज खणखणीत आहे रे! खूप बोलते ती. मी इतके दिवस तिला घुमी समजत होतो.

मग मी योपकडे गेलो आणि त्याला म्हटलं, चालू कर.

मी लावलेले टॅपेट ऐकले. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज होता. कुणी शिकाऊ पोराने असं काम केलं असतं तर मी त्याच्या डोक्यात पाना घातला असता. योपने मला स्टूल दिलं. मी बसलो आणि रडलो. परक्या माणसाच्या गॅरेजात, परक्या देशात, बहात्तराव्या वर्षी.

‘दाजी, जेवून या, कव्हर मी बसवतो.’ हे तू किती वेळा म्हणालास? मी आठवत होतो. आधी तू कधी असं म्हणायचा नाहीस, आपण कव्हर बसवून, हात धुऊन बरोबर डबा खायचो. ते साधारण दहा सालापासून सुरू झालं. माझी टिकटिक मला ऐकू येईना, म्हणून मी सैल करत जायचो. आणि मी जेवायला गेलो की तू एकेक स्क्रू जागेवर आणायचास, कव्हर बसवायचास आणि मी आल्यावर म्हणायचास, मस्त लागलेत. नऊ वर्षं, अरुण. नऊ वर्षं तू माझं नाव राखलंस आणि मला एकदाही कळू दिलं नाहीस. ज्या वेळी तुला जमलं नसेल, रजेवर असशील, त्याच वेळी गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन यायचं. मग तू हात लावायचास आणि गाडी शांत व्हायची. आणि मी त्याचा अर्थ काय लावला!

मी घरी येऊन शुभदाला विचारलं, “तुला माहीत होतं?”

ती मेथी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “हो.”

“कधीपासून?”

“अरुणला कळलं तेव्हापासून. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाला, ताई, कान गेला हे दाजींना कळलं तर ते गॅरेजात पाय ठेवणार नाहीत, आणि गॅरेज सुटलं तर माणूस जगायचा नाही. मी आहे तोवर चालवून नेतो.”

“आणि त्याला मी हाकललं तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं होतंस!”

आता तिने मेथी खाली ठेवली. “त्याच रात्री फोन केला होता मी त्याला. सांगून टाकते म्हटलं. तर म्हणाला, आज सांगितलंस तर कान गेल्याचं तर कळेलच, वर त्यांना चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. राग उतरू दे, मग बघू.” मग म्हणाली, “तुमचा राग उतरलाच नाही. सहा वर्षं वाट बघतेय मी.”

तिने हे आवाज न चढवता सांगितलं. यंत्र नसतं तर ऐकूही आलं नसतं.

तू गेल्यावर दीड वर्षात गॅरेज बंद झालं. मी सगळ्यांना सांगितलं, कोरोनाने बंद झालं. कोरोना आला होता, खरं आहे. पण गिऱ्हाईकं त्याआधीच गेली होती. तुझ्याशिवाय माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी खडखडत बाहेर पडत होती आणि कुणी तोंडावर बोललं नाही. म्हातारपणाचा मान म्हणून बोलले नसतील. मान देणारे सगळे निघून गेले, आणि खरं काम करणाऱ्याला मी चोर म्हटलं.

अरुण, तू चोर नव्हतास. तू बिघडवणारा नव्हतास. मी बिघडवत होतो आणि तू सुधारत होतास. माझं चुकलं. हे वाक्य माझ्या तोंडून उभ्या जन्मात किती वेळा निघालं असेल ते तुझ्या बहिणीला विचार. ती म्हणेल, हे पहिलं.

काल मी योपचे टॅपेट पुन्हा लावले. गेज घेतलं. पाती तेलात निसटत होती, दोनदा बोट भाजलं, शिकाऊ माणसासारखं सगळं केलं. इनटेक दहा, एग्झॉस्ट वीस. कान उघडे ठेवून नाही लावले. यंत्रं काढून खिशात ठेवली होती, म्हणजे कानाला मध्ये बोलायला जागाच नको. बाराही व्हॉल्व्ह झाल्यावर यंत्रं घातली. योप बघत होता. इंजिन बरोबर चाललं होतं. आम्ही ते बराच वेळ ऐकत बसलो, त्याने ब्रेडवर चीज घालून आणलं, तेही खाल्लं.

आता मी काय केलं ते सांगतो. नीलांबरीबाई, आणि ज्यांच्या गाड्या आपण करायचो ते आणखी चार मालक, यांना मी पत्रं लिहिली. सगळ्यांना एकच मजकूर: ‘आपल्या गाडीत जो आवाज यायचा तो माझ्या कामाचा होता, कारण माझे कान गेले होते. तो आवाज अरुण साळुंखे काढायचे. मी त्यांच्यावर जो आळ घेतला तो खोटा होता. हे पत्र आपण कुणालाही दाखवावे.’ शुक्रवारी इथल्या पोस्टाच्या नारिंगी पेटीत टाकली. पेटीत टाकल्यावर पत्र परत काढता येत नाही, म्हणून आधी ती टाकली आणि मग तुला लिहायला बसलो. मला माझा भरवसा नव्हता.

२४ तारखेला आम्ही निघतो. शनिवारी, ४ ऑक्टोबरला, मी नाना पेठेत टपरीवर जाणार आहे. तेव्हा जेवढ्या मोठ्याने बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने बोलणार आहे. आणि सोमवारी साताऱ्याला येतो. रविवारी येत नाही, कारण तुझं दुकान बंद असतं आणि मला तिथे माणसं हवीत. शुभदा बरोबर येईल. तिला सलोनीला बघायचं आहे, तिचं घर बघायचं आहे. तो तिचा हक्क आहे, त्याचा माझ्याशी संबंध लावू नकोस. मला दुकानाच्या पायरीवर उभं ठेवलंस तरी चालेल.

गॅरेज पुन्हा सुरू करू, चल पुण्याला, असलं मी काही म्हणणार नाही. तुझी सहा वर्षं मी परत देऊ शकत नाही, आणि देतो म्हणालो तर ते खोटं होईल. मला माफ कर असंही इथे लिहीत नाही. ते तोंडाने बोलायचं आहे.

एकच मागतो. तू त्या गुरुवारी गप्प राहिलास, आणि त्यानंतरही गप्प राहिलास. आता राहू नकोस. मनात जे साचलंय ते बोल, शिव्या द्यायच्या असतील तर दे, चारचौघांत दे. हळू बोललास तरी चालेल. मी ऐकायलाच येतोय.

तुझा बहिरा दाजी,
बाळासाहेब